आंबेटेप आणि कातळवाडीच्या मध्ये

धरणाचं पाणी सोडायच्या आधी नदीकाठच्या वाड्यांना फोनवर इशारा जावा, एवढंच काम हर्षलाकडं होतं. दहिवलीच्या घरात दुपारी ती संगणक मांडून बसली. बाहेर आभाळ दाटलेलं, पण थेंब नाही. वाऱ्याला चिखलाचा वास.

वाड्यांची नावं एक्सएमएल फाइलीत, एकाखाली एक. तिचा जावास्क्रिप्टचा प्रोग्राम ती वाचायचा आणि वरून खाली एकेका वाडीला निरोप धाडायचा. आता एका आईची दोन लेकरं सारखी नसतात, तसेच ब्राउझर. एक ब्राउझर दोन नावांमधली मोकळी जागा सोडून देतो, दुसरा तिलाही मोजतो. हर्षलाला हे ठाऊक. रिकामं दिसलं की ओलांडून जा, असं तिनं लिहून टाकलं.

संगणकावर चाललं. फोनवर मात्र आंबेटेप आणि कातळवाडीच्या मध्ये एक रिकामी ओळ उरलीच. निरोप तिथंच अडकला. पुढं कातळवाडी. तिथं तिची आई.

तिनं दोन्ही नावं चिकटवली, केसाएवढी फट ठेवली नाही. तरी ओळ होतीच.

सासू गोदूबाई मागून वाकून बघत होती. "मधली वाडी ती…" ती हलकेच म्हणाली. "एका पुरात समदी गेली. सांगाया कुनी आलंच नाय गं तवा."

धरणाच्या कार्यालयातून रोहिदासचा फोन आला. "मॅडम, ती ओळ उडवा. साहेब खोळंबलेत."

"उडत नाही."

"मग कातळवाडी राहू द्या. कुणीतरी सांगेल त्यांना."

"तुजी आय हाय का रं तिथं?" गोदूबाई फोनकडं तोंड करून कडाडली. "नाय ना? मग गप ऱ्हा!"

हर्षलाची मान ताठ झाली. ओलांडून जायची आज्ञा तिनं स्वतःच खोडली.

"हाय तर हाय. त्या वाडीलाबी सांगू," हर्षला म्हणाली.

निरोप रिकाम्या ओळीत शिरला… थांबला… आणि पुढं गेला.

थोड्या वेळानं आईचा फोन. "वर देवळात आलो गं सगळी. पन आमच्या आधीच हितं मानसं बसलीयत. वळखीची नायत. पार भिजलीयत…"

"पाऊस हाय तिकडं?"

"टिपूस नाय." आईचा आवाज उतरला. "आमची मानसं त्यांना उठवाया बघतायत."

"कुनाला उठवू नको, आई. निरोप त्यांनाबी गेलाय. त्यांचीबी जागा हाय."

पलीकडं आई कुणाशी तरी बोलल्याचं ऐकू आलं.

"सांगितलं गं तसं," आई कुजबुजली. "त्यातली एक बाई हसली. म्हनते, पानी वसरलं की… आमीबी तुमच्यासंगं खाली येनार."