चार मिनिटांचा फोटो

आधी ते मोबाईल खिशात घाला. उजेडात सांगायची गोष्ट नाही ही. आणि मधेच कुणी ‘मग काय झालं, मग काय झालं’ करायचं नाही. सांगतोय ना मी.

मी टॉवरवर रखवालदार होतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. बेचाळीस मजले, वर गच्ची, भोवती काचेचा कठडा. लोक तिकीट काढून शहर बघायला यायचे. तिथं एक फोटोवाला यायचा. एरवी भला माणूस, पण स्टँडवर कॅमेरा चढवला की दुसराच कुणीतरी व्हायचा. कुणी पाऊल टाकलं तरी गच्ची हादरते, फोटो बिघडतो, म्हणून याचं आपलं सारखं ‘हलू नका, हलू नका’. आम्ही त्याचं नावच ‘हलूनका’ पाडलं होतं. त्याच्या बायकोच्याही ते कानावर गेलेलं. मला म्हणायची, “भाऊजी, तुमचे हलूनका घरी आले ना, की स्वतःच जागचे हलत नाहीत.”

घर टॉवरच्या समोरच, दोन गल्ल्या सोडून, सहाव्या मजल्यावर. नवराबायको दोघंच, मूलबाळ नाही. गच्चीवरून त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. काम सुरू झालं की तो फोन बंद करून बॅगेत टाकायचा, कारण स्क्रीनचा उजेड काचेवर पडतो. वहिनींना सांगून ठेवलेलं, काही लागलं तर खिडकीतला दिवा उघडझाप कर, मी बघतोच. आणि बघायचाही. दिवा दोनदा विझला की, “चला, जेवायला बोलावलंय,” म्हणत गाशा गुंडाळायचा.

एका रात्री तो चार-चार मिनिटांचे फोटो काढत बसला. म्हणजे चार मिनिटं कॅमेरा उघडाच ठेवायचा. त्यात गाड्या दिसत नाहीत, त्यांच्या दिव्यांच्या नुसत्या रेघा उमटतात. फार देखणं दिसतं. असे सहा काढले. लक्ष सगळं नव्या पुलाकडे. घरी गेला, तर वहिनी खिडकीखाली पडलेल्या. गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर...

दुसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, “बराच वेळ तुमचा दिवा लागत होता, विझत होता. आम्हाला वाटलं, बटण बिघडलंय.”

त्यानं ते सहाही फोटो उघडून पाहिले. सगळ्यांत खिडकी छान उजळलेली. चार मिनिटांच्या फोटोत उघडझाप उमटत नाही, पोरांनो. दिवा आपला लागलेलाच दिसतो.

माणूस पार खचला. घराला कुलूप घातलं, वीज तोडून घेतली, बहिणीकडे राहायला गेला. एकदा मला म्हणाला, “ती मला बोलावत होती, आणि मी इथं लोकांना हलू नका सांगत होतो.” मी चहाचा कप पुढे केला. त्यानं तो घेतला आणि गार होऊ दिला.

वर्ष गेलं. टॉवरच्या ऑफिसला खालच्या हॉलसाठी भिंतभर फोटो हवा होता, शहराचा. रात्र ठरली अकरा नोव्हेंबर, मंगळवार. बरोबर वर्ष होत होतं, पण ते ऑफिसला कुठून ठाऊक असणार? तो हो म्हणाला. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

एवढा मोठा फोटो एकदम काढत नाहीत. लांबचं दाखवणारं भिंग लावायचं, शहराचे तुकडे तुकडे टिपायचे आणि मग जोडायचे. वारा होता, म्हणून एकेका तुकड्याचे बरेच फोटो, वीस-वीस सेकंदांनी आपोआप. त्यातला न हललेला ठेवायचा. दहा वाजता शेवटचे लोक उतरले. वर आम्ही दोघंच. डावीकडून सुरुवात करून तो एकेक तुकडा उरकत होता.

दहा वाजून पस्तीस मिनिटांनी त्याच्या घराचा तुकडा आला.

त्यानं कॅमेरा वळवला. मागच्या छोट्या पडद्यात पाहिलं. आणि तसाच राहिला.

“काय झालं?” मी विचारलं.

“दिवा,” तो म्हणाला.

मीही वाकून पाहिलं. पडद्यात ती खिडकी होती. अंधारी. मग पिवळी. मग अंधारी.

“वीज तोडलीय ना तिथली?”

तो धावत सुटला. फोन बॅगेत, बॅग गच्चीवर, कॅमेरा चालूच. मी पायरीवर बसून राहिलो. हललो नाही. सवयच तशी. मागे कॅमेरा वीस-वीस सेकंदांनी खटकन वाजत होता. नुसत्या डोळ्यांनी तिथून खिडकी दाण्याएवढी दिसते, आणि खरं सांगतो, मला तिकडे बघवेना.

पुढचं त्यानं मला सांगितलं तसं सांगतो.

लिफ्टनं खाली. दोन गल्ल्या. सहा मजले जिना चढून. कुलूप जागेवर होतं. किल्ली लागेना. मग लागली.

आत काळोख. मिट्ट. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं... काही नाही.

भिंत चाचपत स्वयंपाकघरात गेला. खिडकीशी उभा राहिला.

“अगं,” तो म्हणाला. “आलोय मी.”

...

“उशीर झाला गं. मला दिसलंच नाही.”

...

कान देऊन ऐकलं. पाऊल नाही. श्वास नाही. वारासुद्धा नाही. भीती वाटायला हवी होती, म्हणाला. वाटली नाही. वाटलं ते एवढंच, की इथं कुणी नाही. आपल्याच डोळ्यांनी आपल्याला फसवलं. तिथंच उभा राहून तो रडला. पोटभर रडला, वर्षभराचं.

मग डोळे पुसले. दाराशी आला. आणि जुन्या सवयीनं, रिकाम्या घराला म्हणाला, “येतो हं. कॅमेरा वर राहिलाय.”

कुलूप लावलं.

वर आला तेव्हा साडेअकरा होत आले होते. कॅमेऱ्याची बॅटरी संपून तो बंद पडला होता. खिडकी अंधारीच. “काही नव्हतं तिथं,” मला म्हणाला. नवी बॅटरी घातली. तुकडा नीट आलाय का बघू लागला. मी शेजारीच उभा होतो.

पहिले फोटो अंधारे. नंतर दहा अठ्ठेचाळीसचा.

खिडकीत उजेड. त्यात तो. काचेशी, मान खाली. त्याच्या मागे...

त्यानं पुढचा फोटो लावला. मग पुढचा. सगळ्यांत दोघं. तो ज्या काळोखात रडत होता, तिथं घरभर दिवा लागलेला होता. ती त्याच्या मागे, अगदी जवळ. हात त्याच्या खांद्यावर.

“मला कळलं नाही,” तो म्हणाला. “मला... काहीच कळलं नाही.”

मग अकरा वाजून पाच मिनिटांचा फोटो. यात तो नव्हता. तो तेव्हा कुलूप लावत असणार.

त्यानंतर बॅटरी संपेपर्यंतचे एकतीस फोटो. मी मोजले, कारण त्याला मोजवेना. एकतीसही फोटोंत खिडकी उजळलेली, आणि ती एकटी. जराही हललेली नाही. हात तसाच पुढे, खांद्याच्या उंचीवर, हवेत टेकवलेला.