पंचवीस मीटरचं बंडल

ती बोलली आणि त्याचा आकडा चुकला. ओळख झाली ती अशी.

तो शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून रॅकवरचे बेअरिंगचे डबे मोजत होता. "...बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट..."

"अहो, ही नोंद तुम्हीच उघडून ठेवलीये का?" तिने खालून विचारलं.

तो थांबला. बोट डब्यावर तसंच. मग सावकाश मान खाली वळली.

"गेलं," तो म्हणाला. "चौसष्ट होते की चौऱ्याहत्तर?"

"मला काय माहीत!"

"माहीत असलेला एकच माणूस होता. त्याला तुम्ही हाक मारलीत."

ती ओशाळली... आणि ओशाळल्याचा तिला रागही आला. कारण चूक याची होती. हा गडी बेअरिंगची नोंद स्क्रीनवर उघडी टाकून शिडीवर चढला होता, आणि दोन तास वरच्या मजल्यावर खरेदीवाल्यांना एकच वाक्य दिसत होतं – ही नोंद दुसऱ्या वापरकर्त्याकडे उघडी आहे. माणूस सापडेना, फोन उचलेना. शेवटी ती स्वतः जिना उतरून आली होती, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"नोंद बंद करून मग चढायचं," ती म्हणाली.

"आणि खाली येईपर्यंत आकडा लक्षात कोण ठेवणार?"

"कागदावर लिहा."

"कागद बंद करायलाच तर तुम्ही आलात ना, मॅडम?"

तिने त्याच्या स्क्रीनवरची नोंद बंद केली, "पुढच्या वेळी तिकीट टाका," म्हणाली आणि वर निघून गेली. रबराचा वास मात्र संध्याकाळपर्यंत ओढणीला राहिला.

फवारणीचे पंप बनवणारा हा कारखाना. खरेदी, भांडार, उत्पादन, पगार – सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये कोंबायचं मालकांनी ठरवलं, आणि ते कोंबायला सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने तिला पाठवलं. वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत तिचा मदतकक्ष. कुणाचं काही अडलं की तिच्याकडे तक्रार नोंदवायची. त्या तक्रारीला म्हणायचं तिकीट. दारात येऊन रडायचं नाही, फोनवर ओरडायचं नाही. "तिकीट टाका" हे ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची, की आठवड्याभरात अख्खा कारखाना तिला तिकीटबाई म्हणू लागला.

दुसऱ्या दिवशी शिडीवरच्या त्या भांडारवाल्याचं तिकीट आलं.

"सेव्हचं बटण दाबलं जात नाही. राखाडी पडलंय. कालपासून माझंही तसंच आहे."

तिने उत्तर लिहिलं, "तारखेचा रकाना रिकामा आहे. भरा, बटण उजळेल. तुमची हमी देत नाही."

मग रोजचंच झालं.

"पासवर्ड तीनदा चुकला. दार बंद झालं. आत घ्या."

"घेतलं. नवा ठेवा. आणि कुणाला सांगू नका."

"सांगत नाही. फक्त दर नव्वद दिवसांनी तो बदला, असं हे यंत्र म्हणतं. ते मला पटत नाही. एकदा मनात ठेवलेलं मी बदलत नाही."

हे वाचून तिने खोलीत आपल्याशिवाय कुणी नाही ना, ते पाहिलं. मग दुसऱ्यांदा वाचलं.

"छापलेली चिठ्ठी प्रिंटरमधून येत नाही."

"ती पगार विभागाच्या प्रिंटरवर गेलीये. तुम्ही यादीतला पहिलाच प्रिंटर निवडता."

"मी पहिलंच निवडतो. दुसरीकडे बघायची सवय नाही."

"मग त्या विभागात जाऊन चिठ्ठ्या आणायची सवय करा."

प्रेम असंच येतं असं नाही. पण इथे ते असं आलं – तक्रारीच्या रकान्यातून. अडीचशे अक्षरांच्या वर लिहिता येत नव्हतं, म्हणून दोघंही मुद्द्याचं तेवढंच लिहीत होते.

आता एक घाण गोष्ट सांगायलाच हवी.

तिकीट बंद करताना कारण निवडावं लागायचं. यादीतलं पहिलं कारण होतं 'वापरकर्त्याची चूक'. ते निवडलं की काम संपलं. दुसरं होतं 'मांडणीतली चूक', म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्याची. ते निवडलं की चार पानी फॉर्म उघडायचा, आणि मग साहेबांसमोर उभं राहून खुलासा. तेव्हा शहाणं माणूस काय निवडेल? तीही तेच निवडायची. वर 'वापरकर्त्याची चूक', खाली तिची गोड ओळ. प्रिंटरचं एक वेळ ठीक होतं. पण पाइपचं?

"फवाऱ्याचा पाइप. स्क्रीनवर साठ मीटर शिल्लक, रॅकवर शून्य. फोरमन माझ्या नावाने शंख करतोय."

"पाइप दिल्याची नोंद राहिली असेल. तपासा." कारण – वापरकर्त्याची चूक.

"तपासली. सगळी आहे. मला वाटतं बंडल लहान येतंय."

"बंडल लहान होत नसतं हो. झोप पुरी होते ना?" कारण – वापरकर्त्याची चूक.

तिसऱ्यांदा त्याने लिहिलं, "झोपेचं विचारू नका. पाइपचं बघा." तिने तेही हसत हसत बंद केलं.

सोमवारी आढावा बैठक झाली. तिच्या साहेबांनी भिंतीवर चित्र टाकलं – विभागवार उभ्या पट्ट्या, कोणाच्या किती चुका. बाकी सगळ्या पट्ट्या बुटक्या, भांडाराची ताडासारखी.

"एक्केचाळीस," साहेब म्हणाले. "तीन महिन्यांत एक्केचाळीस चुका एका माणसाच्या. सॉफ्टवेअर उत्तम आहे. माणूस बदला."

कारखान्याचे व्यवस्थापक म्हणाले, "पुढच्या सोमवारपासून त्याला फाटकावर बसवू. गाड्यांचे नंबर लिहील. भांडाराला कुणी शिकलेला आणू."

चौदा वर्षं रॅकमधला प्रत्येक नट ओळखणारा माणूस. अर्ध्या मिनिटात फाटकावर.

"आणि हिने," साहेबांनी तिच्याकडे हात केला, "एकही तिकीट थकवलेलं नाही. पुढच्या कारखान्याची प्रमुख हीच."

टाळ्या वाजल्या. ती गप्प बसली. तिला सोवळी ठरवायला इथे काहीबाही लिहिता येईल, पण ती गप्प बसली, हे खरं. खुर्चीतून उठेपर्यंत गप्पच होती.

उठली ती थेट जिना उतरून भांडारात गेली.

"तिकीटबाई प्रत्यक्ष!" तो म्हणाला. "आज बोला, आज काही मोजत नाहीये."

"पाइपचं नवं बंडल आहे?"

"सकाळीच आलंय. का?"

"मोजू या."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग काही न विचारता बंडलाची दोरी कापली. एक टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन रॅकच्या मधल्या लांब वाटेने चालत निघाला. पाइप जमिनीवरून सरपटत उलगडत गेला. वाटेच्या कडेला त्याने कधीकाळी खडूने मीटरच्या खुणा करून ठेवल्या होत्या. तो दूर जाऊन थांबला, खाली वाकला.

"पंचवीस!" त्याचा आवाज पत्र्याला आपटून आला.

"नीट ताणा!"

"ताणलाय. तुमचं टोक सुटलं नसेल तर पंचवीसच!"

तिचं टोक सुटलं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी जुनी यादी समोर ठेवून तिनेच सॉफ्टवेअरला सांगितलं होतं – पाइपचं एक बंडल म्हणजे तीस मीटर. तेव्हापासून आजचं सोडून बारा बंडलं आली. दर बंडलामागे पाच मीटर हवेतले. बारा पंचे साठ.

"आता गुंडाळायचं," तो म्हणाला. "टोक धरूनच या."

तो पाइप हातावर गुंडाळू लागला आणि ती टोक धरून चालू लागली. वीस मीटर... पंधरा... तो वेटोळ्याकडे न बघता तिच्याकडे बघत होता. दहा. त्याच्या बाहीला खडू लागला होता. पाच. ती थांबली. टोक काही दिलं नाही.

"मला सांगायचंय," ती म्हणाली. "ऐकल्यावर तुम्ही माझ्याशी बोलणार नाही."

आणि तिने सांगितलं. तीस मीटर. पट्ट्या. एक्केचाळीस. फाटक. टाळ्यांसकट सांगितलं.

हातावरचं वेटोळं त्याने खाली ठेवलं.

"तिकीट बंद झालं की मला पत्र यायचं," तो शेवटी म्हणाला. "मी खालची ओळ वाचायचो. तुमची. वर कारण छापलेलं असतं, ते कधी पाहिलंच नाही."

"मला माहीत आहे."

"हसत होतो मी, मॅडम. एक्केचाळीस वेळा."

तिच्या हातातलं टोक त्याने काढून घेतलं. हळूच घेतलं, ओढलं नाही. तेच जास्त लागलं.

मंगळवारी सकाळपासून तिने एक्केचाळीस तिकिटं एकेक करून पुन्हा उघडली. चार पानी फॉर्म भरले, एकामागून एक. हिशेब निघाला तो असा – सत्तावीस मांडणीतल्या चुका, म्हणजे तिच्या. आठ नेटवर्कच्या. सहा खरोखर त्याच्या. यादी तिने व्यवस्थापकांना, साहेबांना आणि त्याला, तिघांना एकाच वेळी पाठवली.

साहेब काचेच्या खोलीत आले ते दार न वाजवता.

"स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास. पुढचा कारखाना विसर. शुक्रवारी इथलं आवर, कंपनीत परत ये, मग बघू कुठे बसवायचं तुला."

"बरं," ती म्हणाली.

"अगं, एका भांडारवाल्यासाठी?"

"एका बंडलासाठी, सर. ते पंचवीस मीटरचं आहे. तुम्हीही मोजून बघा."

घरी ताईने भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं. ती ताईकडेच राहायची. ताईपासून काही लपवणं म्हणजे मांजरापासून दूध लपवणं.

"सहा चुका त्याच्या नावावर ठेवल्यास?" ताई म्हणाली. "प्रेमात पडलेली बाई सहाच्या सहा माफ करते गं."

"त्याच्याच होत्या त्या."

"आणि त्याला त्या कळणार?"

"कळू देत. एकदा खोटं कारण लिहिलं. पुन्हा नाही, त्याच्या भल्यासाठीसुद्धा नाही."

ताईची सुरी थांबली. "मग तुझं काही खरं नाही," ती म्हणाली. "चांगलीच अडकलीस."

बुधवारी फाटकाचा हुकूम मागे घेतला गेला. माफी कुणी मागितली नाही; माफीसाठी सॉफ्टवेअरमध्ये रकाना नसतो. पुन्हा उघडलेलं तिकीट ज्याचं त्याने 'सुटलं' असं बटण दाबून मिटवायचं असतं. तो मिटवत होता. बुधवारी एकोणीस, गुरुवारी एकवीस. एकाही तिकिटात एकही शब्द नाही. तिने प्रत्येक उघडून पाहिलं. रकाना कोरा.

शुक्रवारी दुपारी एकच उरलं. पाइपचं, तिसरं. ते मिटल्याशिवाय तिला इथलं काम संपल्याचा कागद मिळणार नव्हता. तीन वाजले. चार वाजले. ती खाली गेली.

तो शिडीवर होता. बेअरिंगचे डबे मोजत होता. "...एक्केचाळीस, बेचाळीस..."

ती या वेळी बोलली नाही. खाली उभी राहिली. त्याचा स्क्रीन तिने पाहिला. नोंद बंद केलेली होती. बाजूला कागद आणि पेन्सिल ठेवलेली होती. त्याला आपण आलेलं दिसलंय, हे तिला कळत होतं – मोजण्याचा वेग मंदावला होता.

"...सत्तेचाळीस. सहा माझ्या ठेवल्यात," तो वरूनच म्हणाला. "...अठ्ठेचाळीस."

"तुमच्याच होत्या."

"हो. दोन दिवस त्या सहांवर चिडलो होतो. ...एकोणपन्नास. मग वाटलं, त्या आहेत म्हणून बाकीच्या पस्तीसवर विश्वास ठेवता येतो." तो क्षणभर थांबला. "पन्नास."

"पाइपचं तिकीट का उघडं ठेवलंय?"

"ते मिटलं की तुमचं इथलं काम संपतं. एक्कावन्न. तक्रारीत असं कारण लिहिता येत नाही. बावन्न."

पत्र्यावर ऊन तापलं होतं. बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. तिने शिडी धरली, दोन्ही हातांनी. शिडी हलत नव्हती तरी.

"तिकीट मिटवा," ती म्हणाली. "मला राहायला कारण नकोय. मी कंपनीत परत जाणार, तिथे नवीन पोरांना शिकवणार – कारण निवडताना यादी शेवटपर्यंत वाचा म्हणून. आणि सुटीच्या दिवशी तुम्हाला भेटणार. तुम्ही हो म्हणालात तर."

"त्रेपन्न... कशासाठी?"

"तुम्ही मला आवडता म्हणून. आणखी कशासाठी!"

बोट डब्यावर तसंच.

मग तो एकेक पायरी करत खाली उतरला. तिच्या हातांपाशी शिडी संपली तिथे थांबला, कारण ती बाजूला झालीच नाही. तिच्या खांद्यावरून हात लांब करून त्याने माउस हलवला आणि 'सुटलं' दाबलं.

"हो," तो म्हणाला.

"आणि डबे? कितीवर होतात?"

त्याने वर रॅककडे पाहिलं. मग तिच्याकडे. "गेलं पुन्हा."

तिने कागद आणि पेन्सिल उचलली. "चढा मग," ती म्हणाली. "पहिल्यापासून मोजा. मी लिहून घेते."