चांदोरकरांनी सोडलेली गाडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी बँकेत नोकरी करणारा, बावन्न वर्षांचा, रोज रक्तदाबाची गोळी खाणारा माणूस आहे. थापा मारून मला काय मिळणार? गेल्या मे महिन्यातली चौदा तारीख, बुधवार, दुपारचे पावणेतीन. जागा... बनारस, सिगरा भागातलं एक भाड्याचं पत्र्याचं शेड.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं. त्याचीच जास्त भीती वाटते.

आम्ही बनारसच्याच दूधविनायक मोहल्ल्यातले. माझे वडील गोपीनाथशास्त्री, वय शहाऐंशी. इंदूरकडून, महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची कार्यं त्यांनी रामघाटावर साठ वर्षं केली.

काशीला आलं की आवडीची एक गोष्ट सोडतात, ते तुम्हाला ठाऊक असेलच. तळहातावर पाणी घेऊन संकल्प करायचा, मग जन्मभर तिला शिवायचं नाही. लोक हुशार असतात, कारलं सोडून मोकळे होतात.

बारा वर्षांपूर्वी इंदूरचे विश्वेश्वरराव चांदोरकर पत्नीच्या अस्थी घेऊन आले. स्वतः गाडी चालवत. १९५९ची जर्मन गाडी, फिकट निळी. तरुणपणी तिकडे शिकायला होते, येताना बोटीतून घेऊन आले होते. कुठेही पोहोचले की दोनदा हॉर्न वाजवायचे.

"काय सोडताय?" बाबांनी विचारलं.

"गाडी."

"अहो, एखादं फळ सोडा!"

नाही ऐकलं. पाणी सोडलं, किल्ली बाबांच्या हातात ठेवली आणि रेल्वेने परत गेले. दोन वर्षांनी वारले.

बाबा त्या गाडीत कधी बसलेच नाहीत. आमच्या गल्लीत सायकल अडकते, गाडी कुठून येणार? त्यांनी ती माझ्या नावावर करून दिली आणि ती शेडमध्ये पडून राहिली. अडीच वर्षांपूर्वी बाबांनी अंथरूण धरलं. एक दिवस म्हणाले, "धुंड्या, त्या गाडीतून एकदा फिरव रे मला."

या माणसाने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, जे काही करायचं ते लवकर करा.

मग सुरू झाला माझा वनवास.

सगळं जमलं. ब्रेक, टायर, कार्बोरेटर. अडलं एका टोपीवर. डिस्ट्रिब्युटर कॅप. प्लगांना करंट वाटून देणारी काळी टोपी, मावते तळहातात. कंपनी साठ वर्षांपूर्वी बंद पडलेली. दिल्ली पालथी घातली. कलकत्त्याच्या एका दुकानदाराने शपथेवर पाठवली, ती निघाली सहा सिलिंडरची. आमची गाडी चारची! मुंबईहून आली ती वाटेतच तडकलेली. जर्मनीतल्या एका म्हाताऱ्याने पाठवलेलं पार्सल महिनोन्‌महिने कुठे अडकलंय कुणास ठाऊक. लल्लन मिस्त्री दर वेळी तेच म्हणायचा, "भइया, ई ढक्कन दुनिया में नहीं बचा." जीव नुसता मेटाकुटीला आला होता. तिकडे बाबा रोज विचारायचे, "झाली का रे?"

आणि शेडमध्ये एक विचित्र गोष्ट मी बघत होतो...

धुळीत पावलं.

चपलांची पावलं, गाडीभोवती गोल फिरलेली. शटरपासून आत येणारी नाहीत. परत जाणारी नाहीत. नुसती गाडीभोवती.

पण गाडीच्या दाराच्या मुठीवरची धूळ तशीच. कुणी हात लावलेला नाही.

लल्लनवर ओरडलो. तो म्हणाला, "हम तो जूता पहिनते हैं."

माझ्याही पायात बूटच असायचे. मी दुर्लक्ष केलं. डोक्याला आधीच ताप कमी होता का?

चौदा मेला आणखी एक टोपी आली. बसवायला गेलो... अर्ध्या इंचाने मोठी. लल्लन चहा प्यायला निघून गेला.

मी एकटा. अंगाची लाही लाही. सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, आता काही खरं नाही. माझं डोकंच फिरलं. बाटलीतलं पाणी हातावर ओतत, ग्रीस धूत, मी त्या रिकाम्या शेडमध्ये मोठ्याने ओरडलो, "अहो चांदोरकर, घ्या ती तुमची गाडी परत! तुमची तुम्हाला दिली! न मम!"

तोंडून निघून गेलं. भटाच्या घरात वाढलोय हो. दान देताना पाणी सोडून हेच म्हणतात... हे आता माझं नाही.

ओंजळीतलं पाणी बोटांवरून खाली गेलं.

पाठीमागे... गाडीचं दार उघडलं.

मी वळलो नाही. वळूच शकलो नाही.

दार लागलं. सावकाश, नीट.

आणि इंजिन सुरू झालं.

टोपी नव्हती. बॅटरी दोन दिवसांपासून चार्जिंगच्या दुकानात होती. तरी इंजिन चालत होतं.

हॉर्न वाजला... एकदा. दोनदा.

मी पळत रस्त्यावर आलो आणि उन्हात उभा राहिलो. आवाज थांबायला अर्धा तास लागला. शेडला दार एकच, त्याच्यासमोर मी होतो. गाडी बाहेर आली नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो. लल्लन धावत आला. "भइया, चल गई का? चाय की दुकान तक सुनाई दिया!"

आत गेलो. गाडी जागेवरच. सायलेन्सरला हात लावला तर चटका बसला. पावलं आता थेट चालकाच्या दारापर्यंत गेली होती. मुठीवरची धूळ पुसलेली. किलोमीटरचा आकडा अडीच वर्षं एकसष्ट हजार चारशे बारावर होता... आता चारशे अठरा.

तसाच घरी धावलो.

बाबा पलंगावर बसले होते. दोन वर्षं ज्यांना उशांना टेकवून बसवावं लागतं, ते आपले आपण ताठ बसले होते.

"छान आहे रे गाडी," ते म्हणाले. "गाद्या काय मऊ आहेत!"

"कुठली गाडी, बाबा?"

"आत्ताच नाही का चक्कर मारून आलो? चांदोरकर स्वतः चालवत होते. मला मागे बसवलं. पुढे त्यांच्या मंडळी होत्या."

मी बायकोकडे पाहिलं. प्रमोदिनी पांढरी पडली होती. "मी दुपारभर इथेच आहे. ते जागचे हललेले नाहीत."

मी वाकून त्यांचं उपरणं नीट केलं... त्याला पेट्रोलचा वास येत होता.

"परत येतो म्हणालेत न्यायला," बाबा म्हणाले. "मणिकर्णिकेपर्यंत सोडतो म्हणाले."

"बाबा, त्या स्मशानघाटावर गाडी जात नाही."

"ही जाते."

मी सगळं सांगितलं त्यांना. न मम, पाणी, सगळं. विचारलं, हे दान मागे कसं घ्यायचं? कुठला तरी विधी असेल ना!

बाबा चक्क हसले. "दिलेलं दान परत घेतात का रे? एवढंही शिकवलं नाही होय मी तुला?"

जर्मनीची टोपी गेल्या आठवड्यात आली. बरोब्बर मापाची. अडीच वर्षं जिच्यासाठी रडलो, ती आता खोक्यात पडून आहे. मी बसवलेली नाही. बसवून काय करू? गाडी माझी नाहीच.

काल बाबांनी प्रमोदिनीला सांगितलं, पांढरं धोतर धुऊन ठेव.

आज दुपारी जेवणं झाली आणि गल्लीत हॉर्न वाजला... दोनदा.

स्कूटर असेल. इथे दिवसभर स्कूटरी वाजतात. मी दाराला आतून कडी घातली आहे. एका हाताने हे लिहितोय, दुसऱ्या हाताने बाबांचा हात घट्ट धरलाय.

ते मघापासून एकच म्हणतायत, "सोड ना, धुंड्या. लोक खोळंबलेत खाली."