कंटेनरमागून वळवलेली गल्ली

"आपल्या गल्लीत कोणी चालतच नाही, असं लिहिलंय," वान्नेस म्हणाला.

त्याने आपली व्हीलचेअर बरोब्बर कुईपर गल्लीच्या मध्यभागी थांबवली होती, त्यामुळे मागून येणारी सगळी माणसं त्याला वळसा घालून जात होती. त्याच्या मोठ्या बहिणीने, योरिनने, दिव्याच्या खांबावरची नोटीस वाचली. 'प्रयोगाचा निकाल: पादचाऱ्यांची संख्या नगण्य. गुरुवारच्या सभेनंतर गल्ली मोटारींसाठी पुन्हा खुली.'

"नगण्य म्हणजे?"

"म्हणजे मोजण्यासारखे नाहीत."

"मग मी कोण?"

"बाळा, जरा बाजूला होतोस का?" बाबागाडी घेऊन आलेली एक बाई म्हणाली. "मागे किती लोक खोळंबलेत बघ."

वान्नेस बाजूला झाला. योरिनचं मात्र डोकं तापलं. वसंतापर्यंत या गल्लीत मोटारी अर्ध्या फुटपाथवर चढून उभ्या असायच्या. वान्नेसला कुठे जायचं असलं, तर योरिनने त्याची खुर्ची रस्त्यावरून ढकलायची आणि मागच्या मोटारीने भोंगा वाजवून जीव खायचा. मग नगरपालिकेने प्रयोग म्हणून मोटारी बंद केल्या, बाकं आणि झाडांच्या मोठ्या कुंड्या ठेवल्या. तेव्हापासून नऊ वर्षांचा वान्नेस एकटा बाहेर पडायला लागला होता. तासन् तास घरी यायचा नाही. आई त्याला रागवायची, आणि रागवताना तिला इतका आनंद व्हायचा की राग काही केल्या जमायचा नाही.

"म्हणजे आता परत तूच मला ढकलणार," वान्नेस म्हणाला. तो रडला असता तर बरं झालं असतं, असं योरिनला वाटलं.

"कोणी मोजलं हे? डोळे मिटून मोजलं का?" हा सेफा. गल्लीतल्या तुर्की बेकरीवाल्याचा मुलगा, योरिनच्याच वर्गातला. त्याच्या तोंडात तीळ लावलेलं पावाचं कडं होतं. "येणारी-जाणारी माणसं आपोआप मोजणारी पेटी लावलीय ना कुठेतरी? चला, तिलाच विचारू."

पेटी सापडायला वेळ लागला, कारण ती कंटेनरच्या मागे होती.

हा लोखंडी कंटेनर कंत्राटदाराच्या माणसांनी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आणून टाकला होता आणि ते समुद्रावर निघून गेले होते. बेल्जियममधले बहुतेक गवंडी, सुतार नि खोदकामवाले जुलैमध्ये एकदमच सुट्टीवर जातात. अर्धे खणलेले खड्डे तसेच आ वासून पडतात, लोक मुकाट्याने त्यांना वळसा घालतात आणि ऑगस्टची वाट बघतात. त्यामुळे गल्लीत एवढं धूड येऊन पडलं, तरी कोणी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

सेफा भिंत आणि कंटेनर यांच्या मधल्या फटीत शिरला. "पेटी भिंतीवर आहे! पण तिला गल्ली दिसतच नाहीये रे. नुसती कंटेनरची पाठ दिसतेय."

"मग जी थोडीफार माणसं मोजली, ती कोण?" योरिनने विचारलं.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या बिअरच्या दुकानातून एक काका लगबगीने आले, पट्ट्याला हात घालत फटीत शिरले, सेफाला पाहून दचकले आणि शीळ घालत परत फिरले.

"हा एक," वान्नेस म्हणाला.

योरिनने नगरपालिकेला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, कंटेनर कंत्राटदाराचा आहे, त्याला सांगा. कंत्राटदाराकडे रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, आम्ही सुट्टीवर आहोत, ऑगस्टमध्ये भेटू. शेवटी मोजणी बघणारे देप्रातेर साहेब सापडले.

"पेटी बिघडलेली नाही," ते म्हणाले. "आकडे रोज अगदी नीट येतायत."

"पण साहेब, तिच्यासमोर कंटेनर आहे. तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

"येऊन काय बघायचं? सगळं माझ्या पडद्यावर दिसतंय. कंटेनरचं काय ते सुट्टी संपल्यावर बघू."

"पण सभा गुरुवारी आहे!"

"हो, सभेची तारीख आधीच ठरलेली आहे ना."

घरी आई म्हणाली, बघू. सेफाचे बाबा म्हणाले, बघू. शेजारच्या मादाम ओडिल तर अर्धा तास नगरपालिकेला नावं ठेवत बसल्या, आणि सभेला याल का म्हटल्यावर म्हणाल्या, बघू. योरिनला त्या शब्दाचा अगदी वीट आला. मोठ्या माणसांनी एकदा बघू म्हटलं, की मग त्यांना काहीच बघावं लागत नाही.

"आकडा कमी आला म्हणून कोणी बघायला आलं नाही," वान्नेस विचार करत म्हणाला. "कमी आकडा त्यांना लगेच खरा वाटतो. खूप जास्त आला तर?"

"जास्त कुठून आणणार?"

"माणसं आहेतच की इथे. त्यांना पेटीसमोरून न्यायचं."

"ही लबाडी होईल," योरिन म्हणाली.

"तो आकडा खरा माना असं कुठे म्हणतोय मी? त्यांना तो खोटा वाटू दे. म्हणजे तरी येतील धावत."

योरिन आणि सेफाने एकमेकांकडे पाहिलं. हे आपल्याला का सुचलं नाही, याचा दोघांनाही राग आला.

बुधवारी सकाळी सेफाने कंटेनरला टेकवून ठेवलेल्या लाल-पांढऱ्या फळ्या ओढून गल्लीत आडव्या लावल्या. योरिनने खडूने मोठ्ठा बाण काढला: 'पादचारी इकडून'. बस, एवढंच. जुलैमध्ये लाल-पांढरी फळी दिसली, की ती कोणी लावली हे इथे कोणी विचारत नाही. सगळी गल्ली एकामागोमाग एक त्या फटीतून जायला लागली. अंग चोरून, कुरकुरत, कंत्राटदाराच्या नावाने बोटं मोडत, पण अगदी शिस्तीत.

"काय हा मूर्खपणा," मादाम ओडिल भाजीची ट्रॉली ओढत म्हणाल्या. "खड्डा तर कुठे दिसत नाही."

"सुट्टी आहे ना, मादाम," फटीच्या तोंडाशी बसलेला वान्नेस गंभीरपणे म्हणाला. "एकेक करून. ढकलू नका. बाबागाडीवाल्यांनी फळीच्या बाजूने सरळ जायचं."

"हो हो, सुट्टी," म्हणत त्या आत शिरल्या, पाव घेऊन परत आल्या आणि पुन्हा शिरल्या.

दुपारच्या आत देप्रातेर साहेब सायकल दामटत आले. चेहरा घामाने निथळत होता आणि खांद्यावर हत्यारांची पिशवी होती.

"इथली पेटी कुठे आहे? पार बिघडलीय ती. एका सकाळीत एवढी माणसं शक्यच नाहीत!"

"त्या तिथे मागे," वान्नेस म्हणाला. "रांगेत उभे राहा."

साहेब खरंच रांगेत उभे राहिले. पाय घासत पेटीपाशी पोचले, पेटीकडे पाहिलं, मग वळले. नाकासमोर कंटेनरची गंजलेली पाठ होती. मागून मादाम ओडिलची ट्रॉली त्यांच्या पोटऱ्यांत घुसली.

"पुढे सरका हो! इथे काय मुक्काम करणार आहात?"

ते बाहेर पडले आणि गल्लीच्या मध्यावर येऊन उभे राहिले. बाकांवर म्हातारे भांडत होते, पोरं कुंड्यांवरून उड्या मारत होती, बेकरीसमोर तोबा गर्दी होती.

"हे रोज असंच असतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही इथे पहिल्यांदाच आलात?" योरिनने विचारलं.

साहेबांचे कान लाल झाले. "नकाशावर पाहिली होती," ते पुटपुटले. त्यांनी नोटीस खांबावरून स्वतः काढली आणि घडी करून खिशात घातली.

गुरुवारच्या सभेला निम्मी गल्ली गेली. मोजणी चुकली, हे देप्रातेर साहेबांनी उभं राहून कबूल केलं. मोजणी रद्द झाली, कंटेनर हलवून नव्याने मोजायचं ठरलं आणि मोटारींना गल्ली बंदच राहिली. "ही चूक तीन मुलांनी पकडली," ते म्हणाले, "आणि मला इथे आणायची युक्तीही त्यांचीच." टाळ्या कडाडल्या. मादाम ओडिलनी ट्रॉलीवरचे ओरखडे सगळ्यांना दाखवले आणि मग योरिनचा गालगुच्चा घेतला. सेफाच्या बाबांनी बेकरीत उरलेली पावाची सगळी कडी वाटून टाकली.

"पण ज्याचं डोकं, तो कुठाय?" साहेबांनी विचारलं.

वान्नेस कुठेच नव्हता.

योरिन धावत सुटली. बेकरीत नाही, बाकांवर नाही. गल्ली संपते तिथे, कालव्याकाठच्या चौकात, बटाट्याच्या तळलेल्या काड्या विकणाऱ्या टपरीसमोर तो तिला दिसला. इतक्या लांब तो तिच्याशिवाय कधीच आला नव्हता. मांडीवर कागदाचा द्रोण ठेवून तो निवांत खात होता.

"सांगून जायला काय होतं तुला?" ती ओरडली. "सगळे शोधतायत."

"तू जातेस सांगून?"

योरिन घाबरली होती, चिडली होती, आणि तिला इतका आनंद झाला होता की नक्की काय करावं ते कळेना. तिने द्रोणाकडे हात नेला. वान्नेसने द्रोण झटकन मागे घेतला.

"तुझं तू घे. रांग तिकडे आहे."

आणि योरिन जाऊन रांगेत उभी राहिली.