पुरेसा अंधार

अंधार करणं म्हणजे काय मोठं काम, असं तिला सकाळी वाटलं होतं. खिडक्यांना काळे पडदे, फटींना चिकटपट्टी, झालं! पण दुपार कलली तरी कलासंस्थेच्या त्या दालनात मिट्ट काळोख काही होईना.

दालन म्हणजे जुनं सिनेगॉग. प्रार्थनेला येणारी ज्यू कुटुंबं केव्हाच गाव सोडून गेली, मग वास्तू संस्थेकडे आली. संध्याकाळी तिथे तिची फिल्म लागायची होती. आजारी आईला तिने शेवटच्या वर्षात टिपलं होतं, आणि आईचं तेवढंच काय ते आता उरलं होतं. चित्रण इतकं अंधूक, की जराशा उजेडातही आईचा चेहरा भिंतीत विरून जाई.

आणि उजेड तर होता. समोरच्या भिंतीपुढे, छतातल्या रिकाम्या कडीखाली, अधांतरी, पिवळसर. तिने मेन स्विच पाडून पाहिला, पडदे दुपदरी केले, बिचाऱ्या वायरमनला नाही नाही ते बोलली. उजेड जागचा हलला नाही. जवळ गेलं की जळत्या तेलाचा वास यायचा.

"तिथे त्यांचा दिवा असायचा," मामा दार लोटून आत येत म्हणाला. तो आईचा धाकटा भाऊ, इथला रखवालदार; त्याच्याच शब्दावर हे दालन मिळालं होतं. "कायम तेवता ठेवायचे. जाताना दिवा नेला, पण... मी आपला त्याच्या वाटेला जात नाही. तूही जाऊ नकोस."

"मामा, आत्ता लोक यायला लागतील! दिव्याचं कौतुक नंतर सांग."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. शिडी लावून ती वर चढली, उजेडाशी तोंड नेलं. गालाला ऊब लागली. वैतागून तिने जोरात फुंकर मारली.

मिट्ट.

"झाला एकदाचा!" चाचपडत उतरून तिने प्रोजेक्टर लावला. यंत्र घुरघुरलं, तापलं. भिंत काळीच राहिली.

"मामा... चालू झालंय रे. पण आई दिसत नाही."

मामाने खटाखट दालनातल्या दिव्यांची सगळी बटणं दाबली. काही नाही. तिला रडू फुटलं.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. धाप लागलेला, ओळखीचा.

"दिवा कुणी गं मालवला?... मला काही दिसत नाहीये."

फिल्मला तिने आवाज जोडलाच नव्हता.

मामाने अंधारात तिचा हात घट्ट धरला. "ताई?... थांब, हलू नकोस. लावतो मी."

त्याने काडी ओढली. ती फर्रकन पेटली, गंधकाचा वास आला, बोट भाजून तो कळवळला.

उजेड मात्र पडला नाही.