रांगोळी न मोडता थांबला बाळा!

"ए मितेश, ती पिवळी पट्टी ओलांडलीस तर तंगडी मोडीन तुझी!" निधीने दम दिला.

"अगं, पट्टीच्या आत रांगोळी काढायची म्हणजे पट्टी ओलांडायलाच लागणार ना! मी काय उडू?"

श्रुतिकाला हसू आलं. दिवाळीची सुट्टी लागली होती आणि अंधेरीच्या नळांच्या कारखान्यात, जिथे तिची आई अठरा वर्षं कामाला होती, लक्ष्मीपूजनाची रांगोळी काढायचं काम तिला आणि तिच्या दोस्तांना, मितेशला आणि निधीला, मिळालं होतं. जेवणाची सुट्टी होती, यंत्रं बंद होती आणि तिघं यंत्रमानवाभोवती जमिनीवर वेली काढत होती.

यंत्रमानव म्हणजे खांबाला जोडलेला एक मोठा लोखंडी हात. आईने त्याचं नाव 'बाळा' ठेवलं होतं. बाळा पितळी नळांचे जड ट्रे उचलून टेबलावर ठेवायचा आणि आई प्रत्येक नळावरून बोटं फिरवून ओरखडा शोधायची. कॅमेऱ्याला न दिसणारा ओरखडाही तिच्या बोटांना कळायचा. जोडी झकास होती, पण दसऱ्यापासून बाळा रोज दुपारी मध्येच थांबू लागला होता. त्याच्या कॅमेऱ्यात कोणी जवळ आलेलं दिसलं की त्याने थांबायचं, अशी त्याला शिकवण होती. त्यामुळे खापर आईच्या डोक्यावर फुटलं. आता बाळाभोवती पिंजरा बसणार आणि आई पॅकिंगला जाणार, असं घाटत होतं!

"माका कोणी इचारल्यानच नाय," कालच आई घरी म्हणाली होती. "माझो हात थंय पोचताच नाय!" तेव्हापासून श्रुतिका नुसती धुमसत होती.

भोंगा वाजला. मुलं पट्टीबाहेर आली, आई आपल्या स्टुलावर बसली आणि बाळा हलू लागला. इंजिनिअर दिपेश सर लॅपटॉप घेऊन आले. बाळाचं काम बघायला ते रोज जेवल्यावर तिथेच ठाण मांडून बसत. घाम पुसत त्यांनी पंखा लावला.

पाच मिनिटं गेली आणि टूं टूं करत लाल दिवा लागला. बाळा हवेतच थांबला!

"नलिनीताई, पुन्हा हात घातलात ना?" दिपेश सर आईवर ओरडले.

आवाज ऐकून मालक भाऊराव केबिनमधून बाहेर आले. "बस झालं! उद्याच पिंजरा बसवा."

"थांबा!" श्रुतिका इतक्या जोरात ओरडली की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "काका, आधी रांगोळी बघा!"

"छान आहे हो रांगोळी, पण..."

"छान नाही, अख्खी आहे! पट्टीच्या आत पाय टाकल्याशिवाय आईचा हात बाळापर्यंत पोचत नाही. पाय टाकला असता तर वेल मोडली असती. आहे कुठे पाऊल?"

सगळे वाकून बघू लागले. पाऊल नव्हतंच! भाऊरावांनी चष्मा वर केला.

"मग थांबला कशाला? भूत बघून?" निधी पुटपुटली.

मितेश मात्र जमिनीशी नाक लावून बसला होता. "ए, हिरवा रंग बघ ना! सगळा एकाच बाजूला सरकलाय. वारा लागलाय याला. आमच्या मनोरीच्या कोळीवाड्यात वारा बघितल्याशिवाय कोणी होडी काढत नाही!"

श्रुतिकाने पंख्याकडे पाहिलं. तिथून वारा जात होता तिकडे, वर नजर नेली आणि ती टाळी वाजवून उडालीच. बाळाच्या कॅमेऱ्याच्या खांबावर दसऱ्याच्या यंत्रपूजेचा झेंडूचा हार होता. वाळून त्याचं एक टोक सुटलं होतं आणि ते कॅमेऱ्यासमोर झोके घेत होतं!

"सर, पंखा बंद करा!"

पंखा थांबला, हार स्थिर झाला आणि दिपेश सरांनी बटण दाबताच बाळा कामाला लागला. पंखा लावला. हार डोलला. टूं टूं!

"बाळाला तो कोणाचा तरी हात वाटतो!" श्रुतिका म्हणाली. "त्याचं काही चुकलं नाही आणि आईचंही नाही."

"हार कुणी बांधला?" दिपेश सरांनी विचारलं.

भाऊरावच खाकरले. "मी. दिवाळीपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असंही मीच बजावलं होतं." पंखा आपलाच, हे आठवून दिपेश सरांचेही कान लाल झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच!

"नलिनीताई, चुकलो," दिपेश सर म्हणाले. "यंत्र बसवतानाच तुम्हाला विचारायला हवं होतं."

"मगे आता इचारा," आई शांतपणे म्हणाली. "ह्याका हातभर डावीकडे सरकवा. ट्रे माझ्या उजव्या हाताशी येयत आणि दर खेपेक मान वळवूची लागाची नाय."

भाऊरावांनी पिंजरा तिथल्या तिथे रद्द केला. आईने श्रुतिकाच्या डब्यातली पांढरी रांगोळी चिमटीत घेतली आणि बाळाने कुठे उभं राहायचं, माणसाने कुठे, ते जमिनीवर आखून दाखवलं. तिची रेघ एकदाही वाकडी गेली नाही. श्रुतिकाचा ऊर अभिमानाने भरून आला.

दिवाळीनंतर रंगाऱ्याने त्याच रेघेवर पिवळा रंग मारला. पुढचं यंत्र कसं बसवायचं ते बघायला भाऊरावांनी पाहुणे आणले होते. "कारखान्याची अब्रू वाचवली हो या पोरांनी!" मुलांच्या पाठी थोपटत ते म्हणाले. मग पाहुण्यांना जमीन दाखवून त्यांनी विचारलं, "नलिनीताई, सांगा यांना, ही कोणाची करामत?"

आईने श्रुतिकाच्या खांद्यावर हात ठेवून ताठ मानेने सांगितलं, "रांगोळी माझ्या चेडवाची. रेघ माझी!"