खिडकीकडे वळणारं विमान

शेगडीत एक लाकूड सरकवा रे पोरांनो, आणि जवळ या. ही ऐकीव गोष्ट नाही. झेनोन माझा मित्र होता.

ऑगस्टची चौदा तारीख, मारियामातेच्या सणाची आदली संध्याकाळ. झेनोन जवळच्या बोख्निया शहराच्या बाजारातून रंगकामासाठी हिरव्या रंगाची डबी घेऊन घरी आला. महायुद्धात आमच्या गावाजवळ कोसळलेल्या लिबरेटर विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती तो बनवत होता. चव्वेचाळीस साली वॉर्सात जर्मनांशी लढणाऱ्यांसाठी शस्त्रं टाकून परतताना ते विमान पेटलं. वैमानिकाला उडी मारता आली असती. पण खाली आमचं गाव. त्यानं ते जळतं धूड घरांवरून रेटत पलीकडच्या शेतात नेलं. आतलं कुणी वाचलं नाही. झेनोनची आई तेव्हा पाळण्यात होती.

प्रतिकृती सणाला चर्चमध्ये ठेवायची होती. पण आठवडाभर कुणीतरी खोडी काढत होतं. रात्री विमानाचं नाक भिंतीकडे करून ठेवावं, तर सकाळी ते खिडकीकडे. खिडकीतून तेच शेत दिसायचं. झेनोनचा संशय मेहुण्यावर, रोमेकवर. खालच्या खोलीत राहायचा, पिऊन टवाळी करायचा.

“पुन्हा हात लावलास तर घराबाहेर काढीन!”

“दाजी, खेळण्याला हात लावायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“मग कोण लावतं? तुझी बहीण?”

“त्या वैमानिकालाच विचारा की!”

त्या रात्री झेनोन वरच्या खोलीत विमानापाशी बसला, दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, दिवा मालवला. आता चोर आत कसा येतो तेच बघायचं.

मध्यरात्र उलटली. जिना करकरला. झेनोन मनात हसला. आला लेकाचा!

पावलं दाराबाहेर थांबली.

“दाजी...” रोमेकची नशा पार उतरली होती. “आत तुमच्याशी कोण बोलतंय?”

झेनोन तर गप्पच बसला होता.

टेबलावर खर्रर्र झालं. चांदण्यात दिसलं. नाक वळत होतं. हळूहळू. कुणी जीव खाऊन रेटावं तसं. थांबे... पुन्हा वळे...

जळक्या तेलाचा वास आला.

“दाजी, दार उघडा!”

झेनोनला जागचं उठवेना.

नाक खिडकीशी आलं... आणि थांबलं.

उजाडल्यावर झेनोननं कसंबसं कुलूप काढलं. रोमेक उंबऱ्याशीच बसून होता. रात्रभर हलला नव्हता.

“चुकलो रे,” झेनोन म्हणाला. “तुझ्यावर उगाच आळ घेतला.”

रोमेकनं मान हलवली. त्याची नजर विमानावर होती. “दाजी... ती काच बघा.”

वैमानिकापुढची काच झेनोननं स्वतः डिंकानं पक्की बसवली होती. बाहेरून ती लख्ख होती. आतून मात्र काजळी धरलेली. मी डोळ्यांनी पाहिलीय, पोरांनो. आणि त्या काजळीत, मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढी जागा... बाहेरचं दिसावं म्हणून आतून पुसलेली.